फुलपाखरांची पोरं कुठे गेली?

तीनशे पावलांची ती वाट चारूने त्या सकाळी तिसऱ्यांदा चालून काढली आणि तिसऱ्यांदाही आकडा तोच आला. एक.

एकच फुलपाखरू. घाणेरीच्या झुडपावर पंख मिटून बसलेलं. मागचा पंख फाटलेला, नारिंगी रंग धुऊन धुऊन विटलेल्या फ्रॉकसारखा फिकट. चारूने वहीत 'एक' लिहिलं आणि त्या अक्षरांकडे बघत उभी राहिली. मागच्याच महिन्यात याच वाटेवर, याच वेळी तिने तीनशे बेचाळीस फुलपाखरं मोजली होती. सव्वीस प्रकारची. लिहून लिहून बोटं दुखली होती. मग आकडा रोज उतरत गेला, पण इतका खाली कधीच आला नव्हता.

आणि घाणेरी तर फुलांनी लगडली होती. एकदांडीची पिवळी-पांढरी फुलं लांब देठांवर माना वर करून उभी होती. पंगत मांडून ठेवलेली, पानं वाढलेली, आणि जेवायला कोणीच नाही, असं ते सगळं दिसत होतं. आपण चुकून भलत्याच ठिकाणी आलो की काय, असं वाटून तिने मागे वळून पाण्याची टाकी बघितली. टाकी जागेवरच होती.

चिंचमाळ गावाच्या कडेला, या टाकीमागे, अडीच हेक्टरांचा एक माळ आहे. सरकारी कागदात त्याला 'झुडपी जमीन' म्हणतात. गावातले लोक नुसतं 'टाकीमागं' म्हणतात. पाचवीत गेल्यापासून, म्हणजे सन दोन हजार सत्तेचाळीसच्या जूनपासून, चारूता बोरकुटे ही या माळाची बालनिरीक्षक होती. निरीक्षकाला 'ठरल्या वाटेची गणना' शिकवलेली असते (रोज एकाच वाटेने, एकाच वेगाने चालायचं आणि दोन्ही हात पसरले तर जेवढं अंतर होईल, तेवढ्यातलीच फुलपाखरं मोजायची, म्हणजे आजचा आकडा कालच्या आकड्याशी ताडून बघता येतो). चारूने एकही दिवस चुकवला नव्हता. भर पावसात छत्री धरून ती तीनशे पावलं चालली होती, आणि पावसात फुलपाखरं उडत नाहीत हे तिला तेव्हाच कळलं होतं.

या मोजणीला कारण होतं. मागच्या वर्षी ऑक्टोबरच्या उन्हात टाकीमागच्या वाळलेल्या गवताने पेट घेतला आणि आग पार वस्तीच्या कुंपणापर्यंत आली. तेव्हा नगरपरिषदेने ठरवलं की गवत वाळायच्या आत, सप्टेंबरातच कापून टाकायचं. कापायला एक यंत्रमानव आला. सहा पायांचा, म्हशीच्या पारड्याएवढा, पोटाखाली फिरती पाती. कागदोपत्री त्याचं नाव 'स्वयंचलित तृणकर्तक क्रमांक चार' (आपोआप गवत कापणारा). मुलांनी पहिल्याच दिवशी त्याचा विळोबा करून टाकला. माळावरची कोणती झाडं ठेवायची आणि कोणती काढायची, याची यादी मात्र निरीक्षकाने द्यायची असते, आणि विळोबा त्या यादीबाहेर एक काडी इकडची तिकडे करत नाही.

चारूने यादी जीव लावून केली होती. फुलपाखरू कोणत्या झाडावर बसतं, किती वेळ बसतं, सोंड लावून मध पितं का, सगळं टिपून 'ठेवावीत' या पानावर तिने नऊ झाडं लिहिली. सगळ्यात वर घाणेरी. मग सप्टेंबरच्या मध्यावर विळोबाने बाकीचं सगळं कापलं आणि चारूची यादी गावभर गाजली. कारण पुढचे दहा दिवस उरलेल्या त्या नऊ प्रकारच्या झाडांवर फुलपाखरांची नुसती जत्रा भरली. लोक पोराबाळांना घेऊन बघायला आले. उद्यान विभागाच्या काळमेघ मॅडमनी चारूचा फोटो कार्यालयाच्या भिंतीवर लावला.

आणि आता एक.

ती घरी पळत आली तेव्हा आई दोन महिन्यांच्या बाळाला पाजत बसली होती. बाळ झोपेला आलं होतं, म्हणून आईने तोंडावर बोट ठेवलं. चारूला जोरात रडायचं होतं, तेही हळू आवाजात करावं लागलं. आईने मोकळ्या हाताने तिला जवळ ओढून घेतलं, काय झालं ते सगळं ऐकलं, आणि आबाजींना बरोबर घेऊन जा म्हणून सांगितलं.

आबाजी म्हणजे आईचे वडील. कीटकशास्त्रज्ञ (किड्यांचा अभ्यास करणारे). तीस वर्षं त्यांनी कपाशीवरच्या बोंडअळीशी झुंज घेतली. ती कशी मरेल, कशाने मरेल, किती लवकर मरेल, याच्यावर त्यांचे जाडजूड प्रबंध आहेत. चिंचमाळच्या आसपासचे कापूसवाले अजूनही वाटेत थांबवून त्यांना रोगट पानं दाखवतात. चारूने यादी केली तेव्हा ती त्यांनीच तपासून दिली होती.

ते आले, गुडघ्यावर हात टेकत घाणेरीजवळ बसले आणि खिशातलं भिंग काढून त्या एकुलत्या एका फुलपाखराकडे बराच वेळ बघत राहिले. ते हललंही नाही.

"हे म्हातारं आहे," आबाजी म्हणाले.

फुलपाखराच्या पंखांवरचा रंग म्हणजे बारीक बारीक खवले असतात, कौलांसारखे एकावर एक बसवलेले, हे त्यांनी तिला भिंगातून दाखवलं. उडता उडता ते झडत जातात. पंख झुडपात अडकून फाटतात, चिमण्या-सरडे चावा घेतात. माळावरची बहुतेक फुलपाखरं पंख फुटल्यावर दोन-तीन आठवडेच जगतात. माळ कापल्याला आज चोवीस दिवस झाले. म्हणजे कापणीच्या आधी जी उडत होती, ती वयाने संपली. उडती होती म्हणून पात्यांतून वाचली, आणि झाडं थोडीच उरली म्हणून सगळी त्यांच्यावर गोळा झाली. ती जत्रा दिसली खरी, पण ती शेवटची होती.

आबाजींनी भिंग खिशात ठेवलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हातारे गेले, ते समजलं. पण पोरं काहून नाहीत? एवढ्या दिवसांत नवी पिढी यायला हवी होती. पोरं कुठं गेली?"

त्यांनी वही मागितली. 'ठेवावीत' हे पान त्यांनी पाठ असल्यासारखं उलटलं आणि पुढच्या पानावर आले. तिथे चारूच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'काढावीत. कीड लागलेली झाडं. आधी हीच काढावीत.' खाली नावं होती. रुई, पानं कुरतडलेली, पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या. टाकळा, पानांना भोकं, हिरव्या अळ्या. बोरी, पानं जाळीसारखी. उंच गवत, त्यातही अळ्या. आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यात, निळ्या शाईत, आबाजींची स्वतःची 'बरोबर'ची खूण.

आबाजी त्या खुणेकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा चारूने असा कधी पाहिला नव्हता. मग ते उठले आणि विळोबाच्या पत्र्याच्या शेडकडे चालायला लागले.

विळोबा चार्जिंगला लावलेला होता. त्याला मराठी शिकवली होती ती नगरपरिषदेच्या परिपत्रकांवरून, त्यामुळे तो सगळ्यांशी कचेरीतल्यासारखाच बोलायचा. आबाजींनी विचारलं, तू कापताना फोटो काढतोस ना?

"होय. कापणीपूर्वी प्रत्येक झाडाचे छायाचित्र घेण्यात येते," विळोबा म्हणाला. "नोंद उपलब्ध आहे. कोणत्या स्वरूपात हवी, ते अर्जदाराने नमूद करावे."

"रुई दाखव. पानाची खालची बाजू. मोठं करून."

विळोबाच्या पाठीवरचा पडदा उजळला. एक रुईचं पान. पानावर मोहरीहून बारीक, पांढरा, उभ्या रेघांचा मणी. दुसरं पान, त्यावर दोन मणी. तिसऱ्या पानावर पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची गुबगुबीत अळी, पाठीवर काळी शिंगं. चौथ्यावर हिरवागार लोलक उलटा लटकलेला, कानातल्या डुलासारखा. मग पुढचं झाड. पुढचं. पुढचं. आबाजींनी विचारलं, असे एकूण किती?

"कापणी केलेल्या पानांवरील सजीव पुढीलप्रमाणे," विळोबा म्हणाला. "अंडी, नऊ हजार चाळीस. अळ्या, दोन हजार तीनशे सोळा. कोष, सहाशे अकरा."

शेडचा पत्रा उन्हाने तापून कडकडत होता. चारूला तो आवाज ऐकू येत होता, बाकी काही नाही. कोष हा शब्द तिला माहीत होता. तिसरीत तिने त्याचं चित्र काढलं होतं. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू, मध्ये बाण, गोल गोल. दहापैकी दहा गुण मिळाले होते आणि ते चित्र अजून शाळेच्या भिंतीवर असेल. त्या चित्रातली अळी हसरी होती आणि एका साध्या हिरव्या पानावर बसलेली होती. ती अळी आणि शेतातली अळी, माळावरची अळी, जी दिसली की झाडासकट उपटून टाकायची असते असं चिंचमाळचं शेंबडं पोरही सांगेल, त्या दोन अळ्या एकच आहेत, असं तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. पाठ होतं. पण दिसलं नव्हतं.

"तू सांगितलं का नाहीस?" ती ओरडली.

"नियमावलीत साप, घरटे अथवा सशाचे पिल्लू आढळल्यास थांबावे, असे आहे. अळी आढळल्यास थांबावे, असे नाही." "तसेच अळी असलेली झाडे प्रथम काढावीत, असे अर्जदाराच्या यादीत नमूद आहे. त्याप्रमाणे ती प्रथम काढण्यात आली."

चारू खाली बसली. आपल्याच हाताने, वळणदार अक्षरात, खाडाखोड न करता. त्या आकड्यातल्या कितीतरी अळ्या तिने स्वतः जवळ जाऊन बघितल्या होत्या आणि 'कीड' म्हणून लिहिल्या होत्या.

आबाजी तिच्या शेजारी जमिनीवरच बसले. उगी उगी वगैरे काही म्हणाले नाहीत. पांढऱ्या धोतराला माती लागत होती तिकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. तीस वर्षं मी अळी बघितली की हिला मारायचं कसं एवढंच बघत आलो, असं ते म्हणाले. तुझं पान माझ्यासमोर आलं, तेव्हा माझा हात आपोआप 'बरोबर'वर गेला. कपाशीतली अळी पतंगाची (रात्री उडणाऱ्या, फुलपाखराच्या चुलतभावाची) असते. ती आपलं पीक खाते, म्हणून तिच्याशी भांडण. या माळावरच्या अळ्यांनी कोणाचं काय खाल्लं होतं? रुईचं पान बकरीसुद्धा खात नाही.

मग त्यांनी तिला समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता, तिला वाटलं, ते स्वतःलाही समजावत होते.

घरी आपल्याकडे बाळाला बघायला किती लोक आले, त्यांनी चहा घेतला, चिवडा खाल्ला, चकली खाल्ली. मोठ्या माणसाला काहीही चालतं. पण बाळाला? त्याच्यासमोर चिवड्याची परात ठेवली तर ते उपाशी राहील. फुलपाखराचं तसंच. मोठं झालेलं फुलपाखरू ज्या फुलात मध असेल तिथे पितं. घाणेरी परक्या देशातून आलेली असली तरी तिचा मध त्याला चालतो. पण अळीला मध नको, तिला पान हवं, आणि तेही कोणतंही नाही. या नारिंगी फुलपाखराच्या अळीला रुई आणि रुईच्या नात्यातलीच झाडं लागतात. पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्यांना टाकळा. काळ्या ठिपक्यांच्या त्या इवल्या पांढऱ्याला बोरी. तपकिरी फुलपाखरांच्या अळ्या तर साधं गवत खाऊन वाढतात. अशा झाडाला त्या फुलपाखराची 'खाद्यवनस्पती' म्हणतात (अळीचं पोट ज्या झाडावर भरतं ते झाड). फुलपाखराची आई अंडं घालण्याआधी पानावर उतरून पायांनी चव घेते. तिच्या पायांनाच चव कळते. पान चुकीचं असलं की उडून जाते, बरोबर असलं तरच अंडं ठेवते. ती स्वतः ते पान खाणार नसते. ज्याला ती कधी बघणार नाही, त्या बाळासाठी ती चाखते.

चारूने डोळे पुसले. "म्हणजे मी स्वयंपाकघर ठेवलं पाहुण्यांचं," ती म्हणाली, "आणि पाळणाघर कापलं."



विळोबाच्या पोटातून घरघर सुरू झाली. चार्जिंग पूर्ण झालं होतं. चारूने सहज विचारलं, आता कुठे जाणार तू?

"दुपारी तीन वाजता मोरतलावाकडे प्रस्थान आहे. तलावाकाठचा माळ, सहा हेक्टर. कापणी आजच सुरू होईल. यादी तीच." तो पुढे म्हणाला, "उत्कृष्ट ठरल्याने सदर यादी तालुक्यातील चौदाही तृणकर्तकांना पाठवण्यात आली आहे."

चारू उभी राहिली. मोरतलाव इथून चार किलोमीटरवर. टाकीमागे पुन्हा कधी फुलपाखरं आली, तर ती तिथूनच यायची. तिने विळोबाला हात जोडून सांगितलं, जाऊ नकोस. विळोबाने अत्यंत नम्रपणे कळवलं की यादी मागे घेण्याचा अधिकार ती देणाऱ्या निरीक्षकालाच आहे, मात्र तो कार्यालयात समक्ष येऊन, कारण लिहून बजावावा लागेल.

साडेअकरा वाजले होते.

उद्यान विभागात शिरताना समोरच भिंतीवर चारूचा फोटो होता. हसणारा, दोन वेण्यांचा. तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं. काळमेघ मॅडम डबा उघडत होत्या. त्यांनी चारूला बघून कौतुकाने खुर्ची दिली आणि अर्धी पोळी पुढे केली. चारू बसली नाही.

"मॅडम, माझी यादी चुकीची आहे. माळावरची फुलपाखरं माझ्यामुळे संपली."

मॅडमना आधी ते लहान मुलीचं मनाला लावून घेणं वाटलं. मग आबाजींनी विळोबाच्या नोंदीतले फोटो टेबलावर उघडले. मॅडम एकेक बघत गेल्या आणि डब्याचं झाकण त्यांनी न जेवताच परत लावलं. तरी त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. मोरतलावाच्या काठाला लागून साठ घरं आहेत. गवत उभं ठेवलं आणि पेटलं तर तिथल्या लोकांना काय सांगायचं, फुलपाखरांची पोरं वाचवत होतो म्हणून? मग त्या आबाजींकडे वळल्या. "आणि डॉक्टरसाहेब, तुम्ही तर जन्मभर अळ्यांची औषधं काढली. आज अळ्यांचे वकील होऊन आलात?"

"वकील नाही, बाई," आबाजी म्हणाले. "आरोपी नंबर दोन. यादी मी तपासली होती."

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली. आबाजींनी कागद ओढून त्यावर तलाव काढला, घरं काढली. घरांच्या बाजूने वीस पावलं रुंद पट्टा पूर्ण साफ करायचा, म्हणजे जाळरेषा होते (आग जिथे येऊन थांबते अशी मोकळी पट्टी, जंगलात ती फार पूर्वीपासून आखतात). उरलेल्या माळाचे तीन वाटे करायचे आणि दरवर्षी एकच वाटा कापायचा. दोन वाट्यांत पोरं वाढतात, मोठी होतात आणि कापलेल्या वाट्यात परत जातात. आग थांबते आणि पाळणाघरही राहतं. वीस पावलांच्या पट्ट्यातल्या अळ्यांचं काय, असं चारूने हळूच विचारलं. आबाजी म्हणाले, त्या आपण हाताने उचलून पलीकडच्या रुईवर ठेवू. चारूला ते पटलं. सगळ्या काही सापडणार नाहीत, हेही ते म्हणाले.

मॅडमनी छापील अर्ज काढला. एक गोष्ट त्यांनी आधीच स्पष्ट केली. यादी मागे घेतली की निरीक्षकाचं पद जातं, हा नियम आहे, तो त्यांनाही मोडता येणार नाही. वर्षभर चारूचं नाव फलकावर नसेल. फोटोही काढावा लागेल. चारूने फोटोकडे आता बघितलं. मग पेन मागितलं.

'यादी मागे घेण्याचे कारण' यापुढे तीन ओळी कोऱ्या होत्या. तिने दोनच भरल्या. 'फुलपाखरू कुठे बसतं ते मी पाहिलं. ते कुठे वाढतं ते पाहिलं नाही.'

काळमेघ मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि यंत्रांना थांबण्याचा आदेश पाठवला. पडद्यावर चौदा दिवे होते. नऊ दिवे हिरव्याचे पिवळे झाले. पाच आधीच विझलेले होते. तिथली कापणी मागच्या आठवड्यात झाली होती.

पाच. चारू त्या पाच दिव्यांकडे बघत राहिली. मॅडम म्हणाल्या की नव्या यादीसाठी त्या पंधरा दिवस देऊ शकतात, एक दिवसही जास्त नाही. आणि ती कोणीही करू शकतं, त्याला निरीक्षक असावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरतलावाच्या काठावर तिघं होते. चारू, आबाजी आणि पाती काढून ठेवलेला विळोबा. त्याला नवं काम दिलं होतं, पान न तोडता खालून फोटो काढायचं, आणि सहा पायांवर बिचकत बिचकत तो ते करत होता. गवत चारूच्या कमरेपर्यंत होतं. ती पानं उलटत होती. एक उलटायचं, बघायचं, परत होतं तसं ठेवायचं. तीनशे पावलं चालायला तिला पूर्वी पंधरा मिनिटं लागायची. आज तासाभरात ती दहा पावलंही पुढे गेली नव्हती.

अकराव्या पावलावर एका रुईच्या पानाखाली तोच रेघांचा मणी होता. त्याच्या टोकाला काळं काहीतरी हलत होतं. आबाजींनी तिच्या हातात भिंग दिलं. मण्याला आतून भोक पडलं, भोक मोठं झालं, आणि त्यातून पेन्सिलीच्या टोकाएवढं काळं डोकं बाहेर आलं. मग बाकीची अळी, पारदर्शक, ओली. ती जरा वेळ दमल्यासारखी पडून राहिली. नंतर वळली आणि स्वतःच्याच अंड्याचं टरफल खायला लागली.

आबाजींनी कुजबुजत सांगितलं की हे तिचं पहिलं जेवण, आईने बरोबर बांधून दिलेलं. आता ती दोन आठवडे पान खाईल आणि अनेक पटींनी मोठी होईल. मग कोष. मग आठ-दहा दिवसांनी पंख. चारूने बोटांवर मोजलं. दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास. आणि मग हिला पंख फुटल्यावर ही कुठेही जाऊ शकेल. चार किलोमीटर काही फार नाहीत. टाकीमागची रुई वरून कापली गेली तरी मुळं जमिनीत जिवंत आहेत, तिला पुन्हा कोंब फुटतात. पान तिथे हवं, एवढंच.

गवतात बसून तिने मग ते काम केलं, जे काल रात्रभर तिच्या मनात टोचत होतं. विझलेल्या पाच दिव्यांपैकी प्रत्येक माळाला एक बालनिरीक्षक होता. त्यांची नावं मॅडमनी दिली होती. चारूने आबाजींच्या फोनवरून पहिलं पत्र बोरखेडा-टेकडीच्या फैजान शेखला पाठवलं.

'फैजान, मी चारूता. तुमच्या माळावर जी यादी वापरली ती माझी होती आणि ती चुकीची होती. आता तुझ्याकडे फुलपाखरं खूप दिसत असतील. थोड्या दिवसांनी एकही दिसणार नाही. घाबरू नकोस, मी घाबरले होते. कुठे रुई, टाकळा, बोरी उरली असेल तर शोध. पान तोडू नकोस, उलटून बघ. अळी दिसली तर ती फुलपाखराचं पोर आहे. तिला राहू दे.'

दुसरं पत्र लिहून होईपर्यंत पहिल्याचं उत्तर आलं. फैजानने फोटो पाठवला होता, थरथरलेला. कुंपणाबाहेर, यंत्राला जिथे जाता आलं नाही तिथे, रुईचं एक झाड. त्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या सहा अळ्या.

खाली लिहिलं होतं: 'ताई, सापडल्या. पण मी ओरडलो ते दादाजींनी ऐकलं. त्यांची कपाशी शेजारीच आहे. ते फवारणीचा पंप घेऊन निघालेत. काय सांगू त्यांना?'

चारूने ते वाचलं आणि फोन आबाजींसमोर धरला. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि दुसरा हात पुढे केला.

"लाव फोन," ते म्हणाले. "त्यांच्याशी मी बोलतो."